छोट्या काचपेटीतील रंगीत सोबती

काचेचे गोल भांडे आणि त्यात एकटाच फिरणारा सोनेरी मासा, हे चित्र इतके रूढ झाले आहे की, मासे पाळायचे म्हटले की प्रथम तेच डोळ्यांपुढे येते. वस्तुतः लहान पेटीला गोल्डफिशइतका अयोग्य मासा क्वचितच सापडेल. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा पुढे वीतभर वाढतो, खातो पुष्कळ आणि पाणी लवकर नासवतो. मुलांनी हौसेने आणलेला मासा आठवड्याच्या आत तरंगू लागतो आणि घर सुतकी होते, त्याचे मूळ बहुधा या निवडीतच असते.

दोन फूट लांब आणि एकेक फूट रुंद व उंच अशा पेटीत हिशेबाने ५६ लिटर पाणी मावते; वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता ४५ च्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात दीड-दोन इंचांपर्यंतच वाढणारे १०-१२ मासे सुखाने नांदतात.

रंगाआधी पाणी पाहावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कूपनलिकेच्या पाण्याने बादलीच्या काठाला पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी जड समजावे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवते. निळ्या-तांबड्या पट्ट्याचा निऑन टेट्रा मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू पाण्याचा रहिवासी. जड पाण्यात तो कुढतो. तो हवाच असेल तर पाणी मृदू असावे आणि निदान सहा तरी आणावेत, कारण एकट्यादुकट्याने तो भेदरून कोपऱ्यात बसतो.

नवशिक्यांसाठी आमची पसंती गप्पीलाच. या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. त्रिनिदादमधील रॉबर्ट गप्पी या निसर्गअभ्यासकावरून १८६६ मध्ये ते पडले. रंगांची उधळण नराच्या शेपटीवर. मादी साधी, करड्या वर्णाची. ती अंडी न घालता थेट पिले देते, तीही साधारण महिन्याच्या अंतराने. नराचे बीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पेटी भरून टाकते. रंगच हवे असतील तर नुसते नर आणावेत.

इंदूर-ग्वाल्हेरकडील थंडीत गप्पीसाठी हीटर लागतो. पाणी २० अंशांखाली गेले की ते मलूल होतात. हीटरची यातायात नको असेल त्यांनी झेब्रा आणावा. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा हा चपळ मासा आपल्याच देशातला. गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचे वर्णन केले आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. यालाही सहा-सातांचा मेळा हवा. फायटर दिसायला राजबिंडा. पण दोन नर एकत्र ठेवले तर झुंज ठरलेली, आणि गप्पीची झुपकेदार शेपटी पाहून तो तिच्यावरही तुटून पडतो. त्याला वेगळी पेटी द्यावी.

एका रंगाला मात्र भुलू नये. आरपार दिसणाऱ्या काचमाशाच्या अंगात सुईने रंग टोचून तो विकला जातो. हिरव्या-गुलाबी रेघा काही महिन्यांत विरतात, तोवर पुष्कळसे मासे रोगाने मेलेले असतात. हे क्रौर्य आपल्या पैशाने पोसू नये.

पेटी मांडल्याबरोबर ती भरून टाकण्याचा मोह आवरावा. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचविणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तीन-चार झेब्रा पुरेत, बाकीचे मागाहून. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवावे. क्लोरीन टिकून राहणाऱ्या प्रकारचे असेल तर दुकानात मिळणारे औषध घालावे. मासे निवडताना पर मिटून बसलेले किंवा अंगावर पांढरे ठिपके असलेले नाकारावेत. घरी आणलेली पिशवी १५-२० मिनिटे पेटीतच तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पाणी तिच्यात मिसळून मासे सोडावेत. त्या दिवशी खाणे घालू नये, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.