शिष्यवृत्ती मिळाली, आता ती टिकवा!

मुलाचे कॉलेजात नाव लागले, शिष्यवृत्ती मंजूर झाली, की आईबाप निर्धास्त होतात. महाड-पोलादपूरच्या बौद्धवाड्यांत आम्ही हेच पाहतो. पण भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असे नाही. वर्षाला 75 टक्के हजेरी लागते. नापास झाल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंत लाभ थांबतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे दरसाल नूतनीकरण व्हावे लागते.

भातलावणीला मुलाला आठ दिवस ठेवून घेतले, पावसात पोलादपूरची एसटी चुकली, की हजेरी घटते. हे दिवस घरात कोणी मोजतो का? बंधू-भगिनींनो, दर महिन्याला कॉलेजात जाऊन मुलाची हजेरी विचारा.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. 1920 साली पैसे जमवून ते पुन्हा गेले आणि पदव्या मिळवल्याच.

म्हणून नापास झालेल्या मुलाला लगेच मुंबईला कामावर धाडू नका. राहिलेले विषय सोडवून तो वरच्या वर्गात गेला, की शिष्यवृत्तीची वाट पुन्हा मोकळी होते. तेवढे एक वर्ष त्याला सांभाळा.

जय भीम!