स्क्रीनमधली खोट आणि बाजारातली टंचाई

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला 'फ्रेश' आणि 'सेकंड' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ताग्यात कुठे धागा तुटला, कुठे तेलाचा डाग पडला, की भाव उतरतो, हे तो रोज पाहतो. त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. तपासणीवाला कडक बसला की फ्रेश माल कमी निघतो आणि गाडी वेळेवर भरत नाही. तपासणी सैल केली की गाडी भरते, पण परतीचा माल वाढतो. टॅब्लेट संगणकाचा धंदा या सगळ्यापासून फार दूरचा वाटतो. पण टॅब्लेटच्या बाजारात २०१० पासून ज्या ज्या वेळी माल मिळेनासा झाला, त्यांतल्या बऱ्याच वेळी गोष्ट हीच होती. फक्त ताग्याच्या जागी काच होती.

मोबाइल आणि टॅब्लेटची विक्री-दुरुस्ती हा आज आपल्यातल्या कितीतरी तरुणांचा रोजगार आहे. गाळा भाड्याचा, भांडवल उसनवारीचे, आणि घाऊक व्यापारी म्हणतो, "माल शॉर्ट आहे, घ्यायचा तर आत्ता घ्या." अशा वेळी डोळे झाकून पेटी उचलली जाते. त्या वेळीच डोळे जास्त उघडे का ठेवावेत, हे समजण्यासाठी ही काच कशी तयार होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

टॅब्लेटचा पडदा एकेक करून बनत नाही. पलंगापेक्षा मोठ्या काचेच्या तावावर एकदम कित्येक पडदे तयार होतात आणि मग ताव कापला जातो. तावावर धुळीचा बारीकसा कण बसला तरी तो ज्या तुकड्यात येईल तो तुकडा खराब. आता साधा हिशेब करू. समजा, एका तावावर आठ ठिकाणी दोष पडले. त्याच तावातून मोबाइलचे ५०० छोटे पडदे निघणार असतील तर आठ वाया गेले, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. टॅब्लेटचे ८० पडदे निघणार असतील तर मात्र आठ म्हणजे शंभरात दहा. दोष तेवढेच, नुकसान सहापटीहून जास्त. पडदा जितका मोठा आणि त्यावरचे ठिपके जितके बारीक, तितका चांगला माल कमी निघतो. नव्या नमुन्याच्या पहिल्या काही महिन्यांत तर हे प्रमाण आणखीच वाईट असते, कारण यंत्रे आणि माणसे दोघांचाही हात बसलेला नसतो.

काचेला रफू नाही असे वाटेल, पण तेही थोडेफार आहे. सतत चमकत राहणारा ठिपका लेझरने मारून काळा करतात. काळा ठिपका नजरेला कमी खुपतो. जे तुकडे तरीही पहिल्या प्रतीत बसत नाहीत ते सगळे फेकले जातात असे नाही. पॅनेलच्या धंद्यातही ए, बी, सी अशा प्रती आहेत. खालच्या प्रतीचे पडदे स्वस्त टॅब्लेटमध्ये आणि दुरुस्तीच्या बाजारात जातात.

आता २०११ चे उदाहरण घेऊ. ॲपलचा आयपॅड २ अमेरिकेत ११ मार्च २०११ रोजी विक्रीला आला. त्याच दिवशी जपानमध्ये प्रचंड भूकंप आणि त्सुनामी झाली. पडद्याच्या कडेला इलेक्ट्रॉनिक तुकडे चिकटवण्यासाठी जी विशिष्ट वीजवाहक फिल्म लागते, तिचा मोठा पुरवठादार हिताची केमिकल. त्याचे जपानमधले उत्पादन भूकंपाने थांबले आणि साऱ्या जगातल्या पडद्याच्या कारखान्यांना घोर लागला. इकडे ज्यांना आयपॅड मिळाला होता त्यांच्यातले काही जण तक्रार करू लागले की अंधारात पडदा काळा केला तर कडेने उजेड गळतो, कुठे पिवळसर डाग दिसतो. पडदा, मागचा दिवा आणि चौकट यांची बसवणूक अगदी नेमकी झाली नाही, कुठे दाब जास्त पडला, की असा उजेड झिरपतो. पिवळेपणाची कारणे मात्र अनेक असतात. एप्रिल २०११ मध्ये ॲपलचे टिम कूक यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की मागणी प्रचंड तुंबली आहे आणि बनेल तेवढा माल विकला जातो आहे. त्या तिमाहीत सुमारे ४७ लाख आयपॅड विकले गेले. कडेने उजेड गळतो म्हणून कुरकुर करणारे होते, आणि तोच मिळावा म्हणून रांगेत उभे राहणारेही होते. टंचाईत गिऱ्हाईक खोट सहन करते. कारखानदाराला हे कळते, घाऊक व्यापाऱ्यालाही कळते.

त्याच वर्षी २० मे रोजी चीनमधल्या चेंगडू येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात स्फोट होऊन चार कामगार ठार झाले. आयपॅडची ॲल्युमिनियमची पाठ घासून चमकवण्याच्या विभागात साठलेली बारीक धूळ पेटली होती. डिसेंबर २०११ मध्ये शांघायमध्ये दुसऱ्या एका पुरवठादाराकडे अशाच प्रकारचा स्फोट होऊन साठजण जखमी झाले. विषय पडद्याचा आहे, तरी आपल्याकडे ॲल्युमिनियमला पॉलिश करणारे कारागीर आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ही धूळ बारुदासारखी पेटते. पंख्याने ती कोपऱ्यात ढकलणे म्हणजे सफाई नव्हे.

मार्च २०१२ मध्ये तिसरा आयपॅड आला. आकार तोच, ९.७ इंच, पण आधीच्या पडद्यावर ७ लाख ८६ हजार पिक्सेल होते, या पडद्यावर ३१ लाखांहून अधिक. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे एका पडद्यावर ९४ लाखांच्या वर बारीक कळी. यांपैकी एक बिघडली तरी डोळ्याला टोचते. सॅमसंग, एलजी आणि शार्प या तिघांकडून माल घ्यायचा बेत होता. पण एलजी आणि शार्पचे पॅनेल ॲपलच्या कसोटीला सुरुवातीला उतरत नसल्याने भार एकट्या सॅमसंगवर पडल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. नावाजलेल्या कारखान्यांची ही गत, तर स्वस्त टॅब्लेटमध्ये बसणारे पडदे कोणत्या चाळणीतून जात असतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्या देशातला 'आकाश' टॅब्लेटचा किस्सा व्यापाऱ्याच्या दृष्टीने जास्त शिकण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना स्वस्तात संगणक मिळावा म्हणून ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो देशापुढे आणला. डेटाविंड कंपनीकडून सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. पहिली मागणी एक लाख नगांची. पडदा ७ इंचाचा, पण दाबून चालणारा. म्हणजे दोन पातळ थर, बोटाने दाबले की एकमेकांना टेकतात आणि तेव्हा हुकूम पोचतो. नुसत्या स्पर्शाने चालणारे महागडे फोन ज्यांनी हाताळले होते त्यांना तो जड आणि आळशी वाटला. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, बॅटरी दोन-तीन तासांची. पण गरज अशी होती की याच कंपनीने खुल्या बाजारासाठी काढलेल्या नमुन्याला पहिल्या पंधरवड्यातच १४ लाख नोंदण्या आल्याचे कंपनीने जाहीर केले. लाखांत मागणी आणि हजारांत माल!

मग वाद पेटला. सरकारच्या वतीने खरेदी आणि तपासणी पाहणारी संस्था आयआयटी राजस्थान. सुमारे दहा हजार नग पोचल्यावर गाडी अडली. कंपनीचे म्हणणे असे की करार झाल्यानंतर लष्करी सामानाला लावतात तशा कसोट्या पुढे केल्या गेल्या. संस्थेला मात्र आलेला माल कामाचा वाटत नव्हता. कोण खरे, कोण खोटे यात आपण पडायला नको. मुद्दा एवढाच की कोणता नग पास आणि कोणता नापास, हे दोघांनी एकाच कागदावर, एकाच अर्थाने, आधी लिहून घेतलेले दिसत नाही. पुढे काम आयआयटी मुंबईकडे आले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' निघाला. पडदा स्पर्शाचा, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा. यंत्र सुधारले, पण एक लाख नगांचा पुरवठा तरीही लांबतच गेला. तोवर बाजारात इतर कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेट येऊन बसले होते आणि शिकणारी मुले पुढच्या वर्गात गेली होती.

तशीच टंचाई २०२०-२१ मध्ये सर्वांनी अनुभवली. शाळा घरात आल्या, एका घरात तीन मुले आणि एक मोबाइल. टॅब्लेटची मागणी जगभर उसळली आणि नेमके त्याच वेळी साध्या, जुन्या पद्धतीच्या चिप मिळेनाशा झाल्या. पडदा चालवणारी चिपही त्यांतलीच. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये पडद्यामागे दहा हजारांहून जास्त बारीक दिवे होते. ते बनवताना चांगला माल पुरेसा निघत नसल्याच्या बातम्या आधीच होत्या, आणि नोंदणी सुरू होताच पोच जुलैवर गेली. ज्यांना मिळाला त्यांच्यातले काही म्हणू लागले की काळ्यावर पांढरे अक्षर आले की भोवती धूसर प्रकाश पसरतो. त्याच वर्षी छोट्या आयपॅड मिनीत उभ्या पडद्यावर मजकूर सरकवला की अर्धा भाग मागे राहिल्यासारखा हलतो, अशी ओरड झाली. कंपनीने सांगितले, अशा पडद्याचे हे स्वाभाविक वागणे आहे. कंपनीच्या लेखी जो दोषच नाही, तो वॉरंटीत कसा बसणार? गिऱ्हाईक मात्र दुकानदाराच्या तोंडाकडे पाहते.

मेलेल्या पिक्सेलचेही तसेच आहे. यासाठी आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मोजमापात दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत पांढरे आणि दोन सतत काळे ठिपके चालत असत. रंगाच्या उपठिपक्यांची सूट वेगळी. त्याच्या जागी २००८ मध्ये आयएसओ ९२४१-३०७ आले, तिथेही वर्ग आहेतच. ३१ लाख पिक्सेलच्या पडद्याला जुना दुसरा वर्ग लावला तर सहा पांढरे आणि सहा काळे ठिपके असूनही माल पास! तेव्हा पुरवठादार "स्टँडर्डप्रमाणे माल आहे" म्हणाला तर कोणता वर्ग, आणि किती ठिपक्यांपर्यंत नग बदलून मिळेल, हे विचारून बिलावर किंवा निदान निरोपात लेखी घ्यावे. डीओएची मुदत किती दिवसांची आणि ती तुमच्या खरेदीपासून मोजायची की गिऱ्हाइकाच्या, हेही त्यातच. टंचाईच्या दिवसांत बदली नग देण्याइतका माल घाऊक व्यापाऱ्याकडेच नसतो; तेव्हा बदली नसेल तर पैसे परत, हे आधी ठरलेले बरे.

नग विकताना गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटे द्यावीत. पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक करून पाहावा. काळा पाहताना दुकानातला दिवा मालवावा किंवा काउंटरखाली धरावा, म्हणजे कडेने गळणारा उजेड दिसतो. पांढऱ्यावर पिवळा डाग आणि सावली दिसते. एखादे चिन्ह बोटाखाली धरून पडद्याच्या कानाकोपऱ्यातून फिरवावे. जिथे ते सुटते तिथे टच मेलेला आहे. नगाचा क्रमांक बिलावर लिहावा. टॅब्लेटला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली, म्हणून 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नगावर किंवा खोक्यावर आहे का ते खरेदीच्या वेळीच पाहावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली खराब मालाची तक्रार दुकानदारावरही होऊ शकते. मालामुळे कुणाला इजा झाली आणि उत्पादक कोण हेच सांगता येत नसेल, तर भरपाई विक्रेत्याच्या अंगावर येऊ शकते. बिननावाचा स्वस्त माल या हिशेबाने पाहिला की तितका स्वस्त उरत नाही.

दुरुस्तीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बाजारात एकाच टॅब्लेटचे फोल्डर तीन-चार भावांत मिळते आणि सगळ्यांवर 'ओरिजिनल' हाच शब्द असतो. त्यात कंपनीच्या नगातून काढलेले असते, खालच्या प्रतीतले असते आणि दुसऱ्याच कारखान्याची नक्कलही असते. यांतले कोणते बसवले ते गिऱ्हाइकाला सांगून बिलावर तसेच लिहावे, आणि जुना पडदा त्याच्या हातात द्यावा. चिकटवण्याआधी फोल्डर नुसते जोडून वरच्या सगळ्या रंगांवर तपासून घ्यावे. एकदा गोंद लागला की पुरवठादार ते परत घेत नाही.