मंगळावरची चाकोरी

ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी मंगळावर एकूण ४५.१६ किलोमीटर चालली. दादरहून कल्याणला लोकलने जायचं तर साधारण एवढंच अंतर कापावं लागतं, आणि ते तासाभरात संपतं. तिला त्यासाठी चौदा वर्षं लागली. पण या आकड्यातल्या पंचेचाळीसपेक्षा मला दशांशचिन्हानंतरचे सोळा अधिक थक्क करतात. वरचे हे एकशेसाठ मीटर कुणी मोजले, आणि कसे? तिथे रस्ता नाही, मैलाचा दगड नाही, मोबाइलला ठिकाण सांगणारे जीपीएसचे उपग्रह नाहीत. होकायंत्र न्यावं तर तेही कुचकामी, कारण पृथ्वीसारखं सबंध ग्रहाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र मंगळाला उरलेलं नाही. अशा जागी एक गाडी रोज कुठे पोहोचली हे कोट्यवधी किलोमीटरवरून सांगायचं होतं. तिच्या शोधांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा लेख तिच्या वाटेबद्दल आहे.

२५ जानेवारी २००४ रोजी हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली ही गाडी मेरिडियानी प्लानम या सपाट मैदानावर आदळली, उसळ्या घेत घरंगळली आणि जेमतेम २२ मीटर रुंदीच्या एका विवरात जाऊन थांबली. त्या विवराला पुढे ईगल नाव मिळालं. पहिली छायाचित्रं आली तेव्हा चहूकडे विवराचे काठच दिसत होते. म्हणजे पहिला प्रश्न हाच की आपण नेमके कुठे आहोत?

याचं पहिलं उत्तर रेडिओलहरींनी दिलं. रेल्वेगाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या शिट्टीची पट्टी बदलते, तशीच धावत्या प्रक्षेपकाच्या लहरींची वारंवारताही बदलते. मंगळ स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर गाडीही फिरते, आणि डोक्यावरून ओडिसी यान प्रदक्षिणा घालत असतं. या सगळ्या गतींमुळे वारंवारतेत पडणारा बारीक फरक मोजून गाडीची जागा काढली गेली. उतरता उतरता यानाने खालच्या जमिनीची तीन छायाचित्रं घेतली होती. ती आधीच्या यानांनी वरून काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर नेमकं विवर सापडलं. नकाशावर शून्याची खूण झाली.

त्यानंतरचा हिशेब गाडीनेच ठेवायचा होता. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे पृथ्वीवर बसून सुकाणू धरण्याचा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले चालक दिवसभराच्या हालचालींची आज्ञावली सकाळी पाठवायचे आणि संध्याकाळी गाडी काय घडलं ते कळवायची. ही सकाळ आणि ही संध्याकाळ मंगळाची. तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. सुरुवातीचे तीन महिने ही माणसं मंगळाच्या घड्याळानुसार कामावर येत, त्यामुळे त्यांची कामाची वेळ रोज चाळीस मिनिटांनी पुढे सरकायची. गाडी दिशा ओळखायची ती आकाशात सूर्य शोधून, आणि अंतर मोजायची चाकांच्या फेऱ्यांवरून. चाकाचा व्यास पंचवीस सेंटिमीटर, तेव्हा एका फेऱ्यात पाऊण मीटरहून थोडं अधिक अंतर. गुणाकार सोपा आहे. पण चाक जमीन धरून आहे, हे त्या गुणाकारात गृहीत धरलेलं असतं.

२६ एप्रिल २००५ रोजी ते गृहीतक कोसळलं. गाडी तेव्हा वाळूच्या लहान लहान लाटांवरून दक्षिणेकडे निघाली होती. आदल्याच महिन्यात तिने एका दिवसात २२० मीटर जाण्याचा विक्रम केला होता, आणि या दिवशीही लांबचा पल्ला ठरला होता. निम्मा पल्ला व्हायच्या आत ती जेमतेम फूटभर उंचीच्या एका वाळूच्या वरंब्यावर चढली आणि चाकं रुतली. गाडीला ते कळलंच नाही. तिच्या लेखी चाकं फिरत होती, म्हणजे ती चालत होती. उरलेल्या फेऱ्या तिने जागच्या जागी पूर्ण केल्या आणि चाकं आणखी खोल पुरून घेतली. दिवसाअखेर तिच्या वहीत पूर्ण पल्ल्याची नोंद होती, आणि छायाचित्रात वाळूत गेलेली चाकं. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ट्रॅक्टर रुतलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे फळ्या टाकायला आणि मागून ढकलायला कुणी नव्हतं.

त्या वरंब्याला पर्गेटरी हे नाव पडलं. ख्रिस्ती कल्पनेत पाप धुऊन निघेपर्यंत आत्म्याने थांबायची ती जागा. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्रकारची माती आणि पूड मिसळून तशीच बारीक वाळू तयार केली गेली, दुसरी गाडी तिच्यात मुद्दाम रुतवली आणि बाहेर कशी निघते ते तपासलं. मगच मंगळावर आज्ञा गेल्या, त्याही सावकाश. मोकळ्या जमिनीवर १९२ मीटर जाता आलं असतं, इतक्या फेऱ्या चाकांनी घेतल्या, आणि त्या सगळ्यांत गाडी सरकली ती हातांनी मोजता येईल एवढीच. ४ जून रोजी ती सुटली.

चाकांच्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभियंत्यांना अर्थातच आधीपासून माहीत होतं. त्यासाठी गाडीला डोळ्यांनी अंतर मोजायची विद्याही दिलेली होती. दोन कॅमेरे शेजारी शेजारी, आपल्या डोळ्यांसारखे, त्यामुळे दगड किती लांब आहे ते कळतं. गाडी थांबते, छायाचित्र घेते, पाऊण मीटरच्या आत सरकते, पुन्हा छायाचित्र घेते. मग आधीच्या चित्रातले खडे, कडा, भेगा नव्या चित्रात शोधते. ओळखीचा खडा किती सरकलेला दिसतो त्यावरून आपण किती सरकलो ते ठरवते. आपण लोकलच्या खिडकीतून शेजारच्या गाडीकडे बघतो, ती हलली की आपली, असा क्षणभर संभ्रम होतो, आणि फलाटावरचा खांब दिसला की मन ठाम होतं. तसेच हे खांब, फक्त खड्यांचे. गाडीचा संगणक मात्र फक्त वीस मेगाहर्ट्झचा होता. अशा एका पावलाला त्याला जवळजवळ तीन मिनिटं लागत. प्रत्येक पाऊल असं मोजायचं तर दिवसाचं ऊन संपून जाईल, आणि गाडी तर उन्हावर चालणारी. म्हणून सपाट खडकावर चाकांवर भिस्त ठेवायची आणि उतार किंवा वाळू आली की डोळ्यांवर, असा हिशेब चालक रोज करायचे. पर्गेटरीनंतर वाळूत थोडं गेल्यावर थांबून ‘खरंच पुढे आलो का?’ हे तपासणं हा शिरस्ताच झाला.

जिथे वाळू अगदी कोरी असते, ओळखायला खडाच नसतो, तिथे काय करायचं? २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीच्या चाकांवर यासाठीच एक खास नक्षी कोरली आहे. प्रत्येक फेऱ्यागणिक ती वाळूत उमटते. गाडी मागे वळून आपलाच ठसा पाहते आणि अंतर मोजते. त्या नक्षीत मोर्सच्या लिपीत प्रयोगशाळेची आद्याक्षरं आहेत.

डोळ्यांनी मोजलं तरी चूक राहतेच. पावलागणिक केसभर चूक होते, ती चक्रवाढ व्याजासारखी साठत जाते, आणि काही किलोमीटरनंतर नकाशातली गाडी खऱ्या गाडीपासून दूर गेलेली असते. ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉन ली आणि त्यांचे सहकारी ही चूक निस्तरण्याचं काम करत होते. शेतमोजणीला आलेला मोजणीदार लांबच्या दोन-तीन पक्क्या खुणा धरून हद्द ठरवतो, तशीच ही रीत. एकच दगड किंवा टेकाड वेगवेगळ्या मुक्कामांवरून घेतलेल्या छायाचित्रांत ओळखायचं आणि सगळे मुक्काम एकमेकांशी जुळेपर्यंत साऱ्या जागा एकदम दुरुस्त करत राहायचं.

मग २००६ मध्ये वरून बघणारा एक डोळा आला. मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर मंगळाभोवती फिरू लागला. त्याच्या कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे तीस सेंटिमीटरएवढा. म्हणजे दीड-पावणेदोन मीटर लांबीची गाडी पाच-सहा ठिपक्यांची. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ऑपॉर्च्युनिटी व्हिक्टोरिया विवराच्या काठावर पोहोचली होती. ३ ऑक्टोबरला वरून छायाचित्र घेतलं गेलं, आणि त्यात गाडी दिसली. विवराच्या नागमोडी काठावर एक बारकासा ठिपका, त्याची सावली, आणि मागे दोन समांतर रेषा. चाकोरी या शब्दाची व्युत्पत्ती आठवावी असं ते चित्र आहे. पावणेतीन वर्षं ज्या वाटेचा निव्वळ हिशेब होत होता, ती वाट तिथे कोरलेली दिसत होती. मंगळाची अनेक भव्य छायाचित्रं मी पाहिली आहेत, पण आजही सर्वांत जास्त वेळ मी या एका चित्रापाशी थांबतो.

व्हिक्टोरिया सुमारे पाऊण किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या लोणारच्या निम्म्याहूनही लहान. त्यापुढचं लक्ष्य होतं एन्डेव्हर, २२ किलोमीटर व्यासाचं. बारा लोणार एका ओळीत मांडावीत एवढं. गाडीचं आयुष्य नव्वद दिवसांचं आणि पल्ला सहाशे मीटरचा धरलेला होता. २००८ मध्ये तिने एन्डेव्हरचा रस्ता धरला तेव्हा तिच्या पुढच्या उजव्या चाकाची वळण्याची मोटर तीन वर्षांपूर्वीच निकामी झालेली होती. तिच्या यांत्रिक हाताच्या खांद्याच्या सांध्यातली मोटर बिघडली होती, म्हणून हात दुमडून न ठेवता पुढे धरून चालावं लागे. त्याच पुढच्या उजव्या चाकाला चालायला जास्त वीज लागू लागली, म्हणून गाडी बरीच वाट उलटी चालली. ऑगस्ट २०११ मध्ये ती एन्डेव्हरच्या काठाला लागली.

अंतराचा आकडा जगापुढे आला तो एका विक्रमामुळे. सोव्हिएत संघाची लुनोखोद-२ ही गाडी जानेवारी १९७३ मध्ये चंद्रावर उतरली होती आणि तिच्या नावावर ३७ किलोमीटर होते. फेऱ्या मोजायला तिला मागे एक वेगळं, नववं चाक लावलेलं होतं. ऑपॉर्च्युनिटी त्या आकड्याजवळ आल्यावर हिशेब पुन्हा तपासायचं ठरलं. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या छायाचित्रांत लुनोखोदची चाकोरी चाळीस वर्षांनंतरही जशीच्या तशी दिसत होती. ती नव्याने मोजली तेव्हा अंतर ३९ किलोमीटर भरलं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा विक्रम आणखी दोन किलोमीटरने लांबला, आणि तो मान्य करूनच पुढचा प्रवास झाला. ऑपॉर्च्युनिटीच्या चमूने वाटेतल्या एका लहान विवराला लुनोखोद-२ हे नाव दिलं. जुलै २०१४ मध्ये ४० किलोमीटर ओलांडले, आणि २४ मार्च २०१५ रोजी मॅरेथॉनचं अंतर, ४२.१९५ किलोमीटर, पूर्ण झालं. या शेवटच्या टप्प्यात गाडीची कायमची स्मृती बिघडलेली होती. रात्री झोपली की दिवसाचं सगळं विसरायची. म्हणून झोपण्याआधी तिचं म्हणणं वर पोहोचवावं लागे. कालपर्यंत ती कुठून कुठे आली, हे पृथ्वीवरच्या नोंदींतच उरत असे.

चंद्रावर वारा नाही, म्हणून लुनोखोदचा हिशेब चार दशकांनी दुरुस्त करता आला. मंगळावर विरळ का होईना, वारा आहे. वरून पुन्हा पुन्हा घेतलेल्या छायाचित्रांत ऑपॉर्च्युनिटीच्या चाकांच्या रेषा मंगळाच्या साधारण एका वर्षात, म्हणजे आपल्या दोन वर्षांत, पुसट होत गेलेल्या दिसल्या. त्याच वाऱ्याने सौरपट्ट्यांवरची धूळ झटकून तिला इतकी वर्षं चालतंही ठेवलं. तिथे पुढे कुणी जाऊन फीत धरून मोजेल, अशी सोय नव्हती. जे मोजायचं ते त्या त्या संध्याकाळीच.

जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळाने सबंध ग्रह झाकला. १० जूनला गाडीचा शेवटचा संदेश आला. ती तेव्हा एन्डेव्हरच्या काठावरून आत उतरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स दरीत होती. २० सप्टेंबरला धूळ बसू लागल्यावर वरच्या कॅमेऱ्याने तो उतार टिपला, आणि जिथे हिशेबाने सांगितलं होतं तिथेच एक फिकट ठिपका दिसला. हजाराहून अधिक हाका देऊनही उत्तर आलं नाही, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. ईगल विवरातून निघालेली रेघ नकाशावर त्या उतारावर येऊन थांबते. तिच्या टोकाशी लिहिलेला आकडा ४५.१६ आहे.