ऐकीव अडसर: ख्रिस्ती श्रद्धेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानवत रोडहून जालन्याकडे जाणारी गाडी धरली की सेलू आणि परतूर मागे टाकत दोनेक तासांत जालना येतं. व्यापाराला, दवाखान्याला, सोयरिकीला आपल्या भागातली माणसं या वाटेनं कायम ये-जा करतात. पण जालन्याजवळ बेथेल नावाची एक वस्ती आहे आणि ती ब्राह्मण घरात जन्मलेल्या एका पाळकानं वसवली, हे सांगितलं की ऐकणारा चकित होतो. नारायण शेषाद्री हे त्यांचं नाव. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं ते जालन्याला आले, मांग आणि महार वस्त्यांमध्ये राबले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल उभं केलं. मानवत तेव्हा त्याच निजामी मुलखात होतं. म्हणजे ही गोष्ट परक्या देशातली नाही, आपल्याच रेल्वेमार्गावरची आहे.

तरीही मानवतसारख्या गावात ख्रिस्ती शेजारी लाभणं विरळाच. शेजार नाही म्हणून ओळख नाही, आणि ओळख नाही म्हणून ऐकीव गोष्टींना मोकळं रान. गळ्यात क्रॉस आणि हातात बाटली घेतलेला सिनेमातला माणूस, कॉन्व्हेंट शाळेचा गणवेश आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप, एवढ्यावर आपलं मत तयार होतं. हे लिहिताना मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. माझी श्रद्धा याच वाटेवरची आहे. पण कुणी ख्रिस्ती व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. नकार द्यायचा तर माणसानं तो ख्रिस्ताला द्यावा, त्याच्याविषयीच्या अफवांना नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “हा गोऱ्यांचा धर्म, इंग्रजांनी आणलेला.” येशू जन्मला बेथलेहेमात, म्हणजे आशियात. मराठी मुलखापुरतं बोलायचं तर सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशानं ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि हे बंदर म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरला तो त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १४९८ मध्ये. आणि इंग्रज? ईस्ट इंडिया कंपनीला तर मिशनरी नकोच होते, कारण लोक बिथरतील आणि धंदा बुडेल ही तिला भीती. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जाण्याचाच हुकूम दिला होता.

पोर्तुगिजांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती झाकू नये. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होतं, देवळं पाडली गेली, सत्तेचा दंडुका वापरला गेला. त्या जखमेची आठवण ठेवणाऱ्याला मी गैरसमजात आहे असं म्हणणार नाही. पण त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. ते मराठीत आहे, ओवीत आहे आणि मराठी भाषेवरच्या प्रेमानं ओथंबलेलं आहे.

दुसरा समज जास्त खोल रुतलेला आहे: माणसं ख्रिस्ती झाली ती पैशासाठी, धान्यासाठी. यात सत्याचा अंश आहे. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या दुष्काळांच्या काळात मिशनच्या अन्नछत्रांवर आणि अनाथालयांत हजारो लोक आले आणि त्यातले पुष्कळ तिथंच राहिले. उपाशी माणसाची श्रद्धा किती आणि भूक किती, हे कुणी मोजावं? पण हीच सगळी कथा आहे असं मानलं, तर ज्यांनी या वाटेवर सगळं गमावलं त्यांच्यावर मोठा अन्याय होतो.

नारायण शेषाद्रींच्या घरीच बघा. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग मिशनमध्ये राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या हवाली केला. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, म्हणून जातीनं त्याला आत घ्यायचं नाकारलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका पोराच्या जेवणावरून अख्खी मुंबई ढवळून निघाली. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची पत्नी त्यांच्यासोबत आली नाही. ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचं दुःख मांडणारा हा माणूस स्वतःच्या घरात एकटा पडला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. त्यानंतर लक्ष्मीबाई आणि ते कित्येक वर्षं दुरावलेले राहिले. लक्ष्मीबाई त्यांच्या वाटेवर आल्या त्या १९०० साली, आणि त्याही नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. सोवळं-ओवळं, कुणाच्या हातचं पाणी प्यावं आणि कुणाच्या नाही, याच्याशी स्वतःशीच झगडून त्या आल्या. ‘स्मृतिचित्रे’मधली ती पानं मी अनेकांना वाचायला देतो. श्रद्धेच्या वाटेवरची खरी अडचण कशी असते ते तिथं दिसतं. ती देव एक की तीन अशी नसते. आईला काय वाटेल, भाऊ दारात उभं करील का, लेकीचं लग्न कुठं जमेल, अशी असते. मानवतमध्ये आजही अडतं ते इथंच.

“ख्रिस्ती झालं की सवलती मिळतात” हा समज तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. महार किंवा मांग कुटुंबातला कुणी उघडपणे बाप्तिस्मा घेतो तेव्हा शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरीतली संधी हे सगळं पणाला लागतं. त्यामुळे कित्येक जण मनानं एक आणि कागदावर दुसरे असे जगतात. आमिषाची चर्चा करणाऱ्यानं हा हिशेबही मांडावा.

मिशनच्या शाळेत गेलेली मुलं ख्रिस्ती होतात ही धास्ती आकड्यांपुढं टिकत नाही. या देशात ख्रिस्ती लोकांचं प्रमाण १९५१ च्या जनगणनेत २.३ टक्के होतं आणि २०११ मध्येही २.३ टक्केच आहे. महाराष्ट्रात ते एक टक्क्याहूनही थोडं कमी. मधल्या काळात कॉन्व्हेंटमधून किती लाख मुलं शिकून बाहेर पडली असतील! जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे. दोघांनी ख्रिस्ती लोकांशी मैत्री राखली, त्यांच्याकडून घ्यायचं ते घेतलं आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. ख्रिस्ती झाले नाहीत. फळा-खडूतून धर्म बदलत नाही.

मग प्रश्न येतात घरातले. नाव बदलावं लागतं का? नाही. नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले आणि पंडिता रमाबाई रमाबाईच. मांस खावं लागतं का, दारू प्यावी लागते का? बायबलमधला नवा करार कुणाच्या ताटात काही वाढत नाही. उलट आपल्या खाण्यापिण्यानं भावाला ठेच लागत असेल तर ते सोडलेलं बरं, असं प्रेषित पौल रोमच्या मंडळीला बजावतो. मराठी प्रोटेस्टंट घरांत दारूला पूर्वापार मनाई आहे आणि कित्येक मंडळ्यांच्या प्रभुभोजनात द्राक्षाचा साधा रस असतो. सिनेमातली ती बाटली आपल्याकडच्या पाळकांच्या घरात शोधूनही सापडायची नाही. मेल्यावर पुरावंच लागतं का? टिळक ९ मे १९१९ ला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. कॅथलिक चर्चनंही १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. आईवडिलांचा मान राखणं तर दहा आज्ञांपैकीच एक. मूर्तिपूजा मात्र सोडावी लागते, हे खरं आहे आणि ते आधीच स्पष्ट सांगावं. कुंकू, प्रसाद, सणाचं जेवण याबाबत मंडळ्या-मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत. एका पाळकाचं म्हणणं म्हणजे अख्खा धर्म असं समजू नये.

आपण संतांची माणसं. जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे “अभंग सोडावे लागतील” ही हुरहुर मला मनापासून कळते. टिळकांनाही ती होती, आणि त्यांनी उत्तर दिलं ते आयुष्यानं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, आणि ती पदं मराठी उपासनेत टाळ-पेटीवर आजही म्हटली जातात. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्याही आधीची. अलीकडचं उदाहरण तर मराठवाड्यातलंच आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तरी ते आले. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या या धर्मगुरूच्या तोंडी ज्ञानोबा-तुकोबा किती सहज येत, हे त्यांना ऐकलेल्यांना माहीत आहे.

काही अडसर मात्र गैरसमज नाहीत. ते खरे आहेत आणि ख्रिस्ती लोकांनीच घातलेले आहेत.

पहिला, चंगाईचा बाजार. औषधं फेकून द्या, प्रार्थनेनं सगळं बरं होईल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावं. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मिरजेत वानलेस यांनी रुग्णालय उभं केलं, जालन्यात मिशनचा दवाखाना आहे. प्रार्थना करणाऱ्या हातांनीच तिथं शस्त्रक्रिया केल्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सगळ्या धर्मांच्या बुवांना सारखाच लागू आहे आणि तसाच असावा.

दुसरा अडसर जातीचा, आणि याबद्दल लिहिताना मला लाज वाटते. येवल्याच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेनंतर डॉ. आंबेडकरांच्या पुढं अनेक वाटा होत्या, त्यात ही पण होती. १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावर बोट ठेवलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन्ही व्यक्तींची ओढ असलेला हा माणूस चर्चच्या दारात काय पाहत होता? वेगळे बाक, वेगळी दफनभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि मराठवाड्यातल्या लाखो कुटुंबांची वाट ठरली. तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, त्यामागची कारणं खरी होती. आजही सोयरीक जमवताना “मूळचे कोण?” असं विचारणारी ख्रिस्ती घरं आहेत. हा अडसर पुस्तकं वाटून दूर व्हायचा नाही. तो आम्हीच उचलून बाजूला ठेवला पाहिजे.

राहता राहिला बाप्तिस्मा. तो गुपचूप पाणी शिंपडून उरकण्याचा विधी नाही. टिळकांना पहिलं पुस्तक हाती आल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे दोन वर्षं लागली, आणि ते स्वतः शंका लिहून काढत, उत्तरं मागत. कायदाही स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ सांगितला: स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. निर्णय ज्याचा त्याचाच. टिळक तर याच्याही पुढं गेले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. मिशनमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. मला मात्र घर सोडू न शकणाऱ्या, तरीही ख्रिस्ताकडे ओढलेल्या मराठी माणसाची इतकी काळजी दुसऱ्या कुणी केलेली दिसत नाही.

टिळकांना ते पहिलं पुस्तक मिळालं ते रेल्वेच्या डब्यात. राजनांदगावला जाताना समोर बसलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं गप्पांच्या ओघात नवा करार त्यांच्या हातात दिला आणि वाचा म्हणून विनंती केली. पुस्तक त्यांना आवडलं नाही, पण शब्द दिला होता म्हणून ते वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं थबकले. ते प्रवचन मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांत आहे, आणि मराठीत कुठल्याही बायबलमध्ये मिळतं. मानवत रोडला गाडीत बसून वाचायला घेतलं, तर सेलू येईपर्यंत वाचून होतं.