तांब्याच्या तारेचे कडे : अल्प भांडवल, मोठी पत

आंबेगाव तालुक्यातील पेठ हे पुणे-नाशिक महामार्गावरील गाव सातगाव पठार या परिसरात मोडते. खरीप हंगामातील बटाट्यासाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. पावसावर अवलंबून असलेल्या या शेतीत लागवड आणि काढणी या काळात घरातील प्रत्येक हाताला काम असते. हंगाम संपला म्हणजे त्याच हातांना कामाचा शोध घ्यावा लागतो. अशा गावांतून घरच्या घरी, अल्प भांडवलावर, थोड्या साधनांनी करता येतील असे कोणते उद्योग आहेत, हा प्रश्न ग्रामपंचायतींसमोर नेहमीच येतो. तांब्याच्या तारेपासून हातकडी, म्हणजे मनगटात घालावयाची कडी, तयार करणे हा अशा उद्योगांपैकी एक होय. त्याची कृती सोपी वाटते. तथापि तिच्यामागे धातूचे शास्त्र आहे, हिशेब आहे आणि ग्राहकाशी सचोटीने वागण्याची जबाबदारीही आहे.

घोड नदीच्या खोऱ्यातील तांबे

तांबे या परिसराला नवे नाही. मंचरजवळ घोड नदीच्या काठी असलेल्या चांडोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या शेतकरी वसाहतीत तांब्याचे मणी आणि हत्यारे मिळाली. याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननातही तांब्याच्या वस्तू आढळल्या. त्या काळी दुर्मीळ असलेला हा धातू हत्यारांसाठी वापरला जात असे, तसाच अंगावर मिरविण्यासाठीही वापरला जात असे.

जुन्नरचा दाखला अधिक बोलका आहे. नाणेघाटातून येणाऱ्या व्यापारी मार्गावरील या नगराच्या परिसरात लेणी कोरली गेली. तेथील इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील शिलालेखांत कासाकारांच्या, म्हणजे कांस्यकारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. दात्याने दिलेले धन या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवले जाई आणि त्याच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालविले जाई. धातूकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघाकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवीत, एवढी त्यांची पत होती.

अलीकडच्या काळातील परंपरा पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पाहावयास मिळते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट कारागीर येथे स्थिरावले. हंडे, घागरी, बंब अशी भांडी घडविताना पत्र्यावर हातोडीचे सारख्या अंतरावर ठोके देण्याची त्यांची पद्धत मठारकाम म्हणून ओळखली जाते. या ठोक्यांमुळे भांड्याला चकाकी येते आणि पत्रा कणखरही होतो. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा प्रसार झाल्यावर या व्यवसायाची मागणी घटली. तांबट आळीतील ठोक्यांमागे जे शास्त्र आहे, तेच तारेच्या कड्यामागेही आहे.

धातूचा स्वभाव

तांबे ठोकले, वाकविले किंवा पिळले की ते कठीण होत जाते. धातूतील सूक्ष्म स्फटिकांची रचना प्रत्येक दाबासरशी विस्कटते आणि पुढील वाकणीस विरोध करू लागते. नवशिक्या कारागिराची तार कामाच्या मध्येच तुटते, तिचे कारण बहुधा हेच असते. यावर उपाय म्हणजे तार तापवून मऊ करणे. मंद प्रकाशात तार फिकट लाल दिसू लागेपर्यंत तापवावी आणि पाण्यात बुडवावी. पोलाद असे बुडविल्याने कठीण होते; तांब्याचे तसे होत नाही. ते मऊच राहते आणि लवकर हाताळता येते. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. म्हणून तार लख्ख केशरी होईपर्यंत तापवू नये. पातळ तार क्षणात वितळून जाते.

तापविलेल्या तारेवर काळा थर चढतो. मोठ्या कारखान्यांत तो आम्लाने काढतात. घरात मुलांचा वावर असतो, म्हणून तेथे आम्ल ठेवणे योग्य नव्हे. चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस आणि मीठ यांनी, तांब्याची भांडी ज्या रीतीने घासली जातात त्याच रीतीने, हा थर निघतो. थोडा वेळ अधिक लागतो, एवढेच.

तार कोणती घ्यावी

कड्यासाठी उघडी, म्हणजे कोणतेही आवरण नसलेली, विद्युत दर्जाची तांब्याची तार घ्यावी. तिच्यात तांब्याचे प्रमाण ९९.९ टक्के किंवा अधिक असते. कड्याच्या मुख्य पिळासाठी १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची आणि टोकांच्या वेढ्यांसाठी २० गेजची, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची तार सोयीची पडते. गेजचा आकडा जसा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे नव्याने खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानांत जळालेल्या मोटारींची जुनी तार स्वस्तात मिळू शकते. तिच्यावर रोगणाचा पातळ थर असतो. तो किंवा केबलीवरचे प्लॅस्टिक जाळून तार मोकळी करण्याची पद्धत घातक आहे. त्या धुरात विषारी वायू असतात आणि ते सर्वप्रथम जाळणाऱ्याच्या व त्याच्या मुलाबाळांच्या फुप्फुसांत जातात. दुसरी बाब कायद्याची. शेतीपंपांच्या केबली आणि रोहित्रांतील तांबे चोरीस जाण्याचे प्रकार ग्रामीण भागाला परिचित आहेत. बिलाशिवाय घेतलेल्या तारेमागे शेजारच्याच शेतकऱ्याचे नुकसान असू शकते. म्हणून नवी तार पावती घेऊनच खरेदी करावी.

कृती

साधने थोडी लागतात : सपाट तोंडाची व गोल तोंडाची पक्कड, तार कापण्याची पक्कड, कानस, पॉलिश पेपर, बाकाला बसविलेला व्हाइस, हाताने फिरवावयाचे ड्रिल, लाकडी हातोडी, मनगटाच्या मापाचा लाकडी ठोकळा आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा. तार कापताना उडणारा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा ऐच्छिक मानू नये.

प्रथम २ मिलिमीटरच्या तारेचे प्रत्येकी एक मीटर लांबीचे तीन तुकडे घ्यावेत. ते मऊ करून, स्वच्छ करून सरळ करावेत. तिन्ही तारांची एक बाजू व्हाइसमध्ये आणि दुसरी ड्रिलमध्ये पकडावी. तारा ताणून धरून ड्रिल सावकाश फिरविले म्हणजे एकसारखा पीळ पडतो. घाईने फिरविल्यास पीळ एका ठिकाणी दाट आणि दुसरीकडे विरळ होतो. पिळामुळे लांबी कमी होते, तरीही या एका पिळातून सामान्य मापाच्या कड्यांसाठी पाच तुकडे निघतात.

मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा पुरतो. तो वाकविल्यावर दोन टोकांमध्ये दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर राहते. याच फटीतून कडे मनगटाच्या बाजूने सरकवून घालावयाचे असते. प्रत्येक टोकावर पातळ तारेचे घट्ट वेढे द्यावेत, शेवटचे टोक आत दाबावे आणि कानशीने गोल करावे.

यानंतर तुकडा ठोकळ्यावर धरून लाकडी हातोडीने वळवावा. मनगट पूर्ण गोल नसते, थोडे चपटे असते. म्हणून ठोकळाही लंबगोल असावा. गोल ठोकळ्यावर घडविलेले कडे हातात फिरत राहते. आकार आल्यावर सर्व बाजूंनी हलके ठोके द्यावेत. आरंभी मऊ केलेली तार आता पुन्हा कठीण होणे हवे असते. त्याशिवाय कडे आकार धरून ठेवत नाही. हे शेवटचे ठोके गाळणाऱ्याचे कडे आठवड्याभरात वेडेवाकडे होते.

तपासणीची एक सोपी रीत आहे. तयार कड्यावरून जुन्या सुती कापडाचा तुकडा फिरवावा. कोठेही धागा अडकला तर तेथे टोक उरले आहे असे समजावे आणि तो नग पुन्हा कानशीखाली घ्यावा. कापडाला जे बोचते ते त्वचेलाही बोचते.

हिशेब

दोन मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचे वजन सुमारे २९ ग्रॅम भरते. एका कड्याला अशी ६० सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा ग्रॅम तार लागते. टोकांसाठी ०.९ मिलिमीटरची ५० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम तार लागते. एकूण साडेवीस ग्रॅम धरल्यास, कापणीतील तूट वजा जाता, एक किलो तारेत सुमारे ४५ कडी होतात. तुटीचे तुकडे फेकू नयेत. तांब्याच्या मोडीला नेहमी भाव असतो.

यावरून दिसते की कड्यातील धातूची किंमत मर्यादित असते आणि मोल असते ते श्रमाचे. तरीही घरगुती उद्योगात नेमकी मजुरीच हिशेबातून सुटते. घरातील स्त्रीने सायंकाळी केलेले काम हे फावल्या वेळचे, म्हणून बिनमोल, असे गृहीत धरले जाते. तारेच्या खरेदीवर थोडा नफा चढवून किंमत ठरते आणि उद्योग वर्षभरात बंद पडतो. योग्य रीत अशी की, दिवसभरात तयार झालेल्या आणि तपासणीत उतरलेल्या कड्यांची संख्या घ्यावी, त्या दिवसाची रास्त मजुरी त्या संख्येने भागावी आणि त्यात तार, गॅस, साधनांची झीज, वेष्टन, प्रवास व दुकानदाराचे कमिशन मिळवावे. तांब्याचा दर सतत बदलतो. म्हणून हा हिशेब प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने करणे अगत्याचे आहे.

विक्रीसाठी या परिसराला नैसर्गिक अनुकूलता आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकर या स्थळांना वर्षभर प्रवासी व भाविक येत असतात. स्वयंसहायता गटांना उमेद अभियानामार्फत प्रदर्शनांत विक्रीची संधी मिळू शकते.

कडे म्हणजे औषध नव्हे

तांब्याचे कडे घातल्याने संधिवात बरा होतो, ही समजूत केवळ महाराष्ट्रात नव्हे तर जगभर आढळते. तिची तपासणी झालेली आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांनी तांब्याचे कडे, चुंबकीय पट्टे आणि तुलनेसाठी निष्प्रभ पट्टे आळीपाळीने पाच-पाच आठवडे वापरले. वेदना, सूज किंवा रोगाची तीव्रता यांवर तांब्याच्या कड्याचा कोणताही अर्थपूर्ण परिणाम दिसला नाही. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू टिकत नाहीत हे खरे आहे. पण त्यावरून मनगटातील कडे सांध्यांचा रोग बरा करील असे होत नाही.

ही बाब किरकोळ नाही. आमवातावर वेळेवर उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. कड्यावर विसंबून रुग्णाने दवाखान्यात जाणे सहा महिने लांबविले तर त्याची हानी भरून येत नाही. शिवाय औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये संधिवात, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानदार अनेकदा अशी चिठ्ठी वेष्टनात घालण्याचा आग्रह धरतात. कारागिराने ती नाकारावी. चिठ्ठी घालावयाचीच असेल तर खरी माहिती द्यावी : घामामुळे त्वचेवर हिरवट डाग पडतो, तो साबणाने धुतला की जातो, कडे चिंचेने किंवा लिंबाने उजळते, ते वारंवार फाकवू नये, तांबे कठीण होऊन तुटते, त्वचेला खाज सुटल्यास वापर थांबवावा.

गावाचे साहाय्य

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सोनार व लोहार हे त्यांपैकी आहेत. प्रशिक्षण काळात विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. म्हणून सदस्यांनी योजनेच्या अटी समजून घेणे आवश्यक आहे. तारकाम करणारी व्यक्ती कोणत्या व्यवसायात बसते, याची विचारणा अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्राकडे करावी. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला पातळ, मऊ तारेचे काम शिक्षकांना घेता येईल. त्यात आच व पीळ-यंत्र नसावे. लांबी, जाडी आणि वजन यांचे गणित मात्र अवश्य असावे. तार पुन्हा पुन्हा वाकवून ती कठीण होत जाते हे विद्यार्थ्याने स्वतःच्या बोटांनी अनुभवले म्हणजे धातूशास्त्राचा एक पाठ त्याला कायमचा समजतो.

तारेच्या कड्याने एखाद्या कुटुंबाची संपूर्ण उपजीविका होईल असे नाही. हंगामानंतरच्या महिन्यांत घरात थोडे उत्पन्न यावे आणि हातांचे कसब टिकावे, एवढी अपेक्षा त्यापासून रास्त ठरते. या उद्योगाला भांडवल थोडे लागते. पत मात्र पूर्ण लागते. जुन्नरच्या कासाकारांकडे लोकांनी ठेवी ठेवल्या त्या विश्वासाने. पावतीची तार, न बोचणारे टोक, श्रमाचा रास्त भाव आणि खरी चिठ्ठी यांतूनच आजच्या कारागिराची तशी पत उभी राहणार आहे.