खांब दिसतो, तार दिसत नाही

बँकेतून निवृत्त झालो तरी कारेगावला माझी अधूनमधून फेरी होते. परवा गेलो, तर नगर रस्त्याजवळच्या एका वावरात चार पोरं फक्कीनं भलंमोठं वर्तुळ आखत होती. मधोमध इंग्रजी 'एच'. कुणाच्या तरी लग्नाला नवरदेव हेलिकॉप्टरनं येणार होता. (आमच्या वेळी बैलगाडीला झूल घातली की हौस फिटायची!)

याच शिवारात मी विहिरीवरच्या मोटारींना कर्जं दिली. तेव्हा विजेचे खांब मोजकेच होते. पुढे शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत झाली, आणि आता वर पाहावं तिकडे तारा. बांधावर एक आबा उभे होते, माझे जुने खातेदार. म्हणाले, "साहेब, त्या इमानवाल्याला आमची तार कुणी दावलीया का?"

मला निलंगा आठवलं. २५ मे २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर तिथून उडालं, वारा फिरला म्हणून वैमानिक पुन्हा उतरवू लागला आणि ते तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले, हे नशीब. उत्तराखंडात गंगनानीजवळ ८ मे २०२५ रोजी तसं झालं नाही. गंगोत्रीच्या वाटेवर रस्त्यावर उतरण्याचा प्रयत्न करताना पातं वरून गेलेल्या केबलला लागलं, असं प्राथमिक तपासात दिसलं. सहाजण गेले. ती केबल विजेची नव्हती, दूरसंचाराची होती. म्हणजे घात करायला वीज लागतेच असं नाही.

वरून तार दिसत नाही, हीच खरी गोम आहे. मागे नांगरलेली काळी जमीन असली की ती तिच्यात विरून जाते. म्हणून वैमानिक तारेऐवजी खांब शोधतात आणि ओलांडायचंच तर मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडतात. उच्चदाबाच्या मनोऱ्यावर आणखी एक फसवणूक असते. सगळ्यात वर विजेपासून रक्षण करणारी भूतार असते, खालच्या तारांपेक्षा बारीक. खालच्या जाड तारा पाहून वैमानिक यंत्र वर घेतो, आणि ही नेमकी त्याच उंचीवर असते! काही हेलिकॉप्टरांच्या नाकाशी तारा कापणारी पाती बसवतात. पण ती वेगात सरळ पुढे जातानाच कामाची. उतरताना त्यांचा उपयोग जवळजवळ नाही.

हे सारं मी आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग हितं बोलत काय बसलाय?"

लग्नघरच्या मंडळींना आबांनी स्वतः नेऊन तार दाखवली. जवारीच्या वावरावरून गेलेली, उन्हानं झोळ पडलेली. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. संध्याकाळी पहिलं वर्तुळ पुसलं आणि ओढ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर नवं आखलं. फक्की निम्म्यातच संपली, तेव्हा उरलेला 'एच' बायकांनी रांगोळीनं पुरा केला.