लकव्याचा हात कामाला लावा

अर्धांगवायू झाला की आपल्याकडे आधी तेलाची बाटली निघते. मालिशने बरं वाटतं, नाही असं नाही. पण बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांचं काम काही प्रमाणात उरलेल्या पेशी उचलतात, आणि त्यासाठी हालचाल रुग्णाने स्वतः, पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसऱ्याने हात हलवून दिला तर सांधा आखडत नाही, एवढंच. घरात नेमकं उलटं घडतं: घास भरवला जातो, सदऱ्याची बटणं लावून दिली जातात, आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो. ‘सहा महिने उलटले, आता काय होणार?’ हा प्रश्न ठरलेला. सुधारणेचा वेग तोवर मंदावतो हे खरं. तरी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘एक्साइट’ चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 जणांपैकी निम्म्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला. त्या हाताचा वापर वाढला, वर्षभरानंतरही टिकला. अर्थात, मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणाऱ्यांपुरतंच हे.

मग घाई करावी का? नाही. 2015 च्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत झटक्यानंतर चोवीस तासांच्या आतच सुरुवात करून जास्त वेळा अंथरुणातून उठवलेल्या रुग्णांचे निकाल उलट खालावले. आणि नातेवाइकांना शिकवून भागेल, ही आशाही भारतातल्याच ‘अटेंड’ चाचणीने 2017 मध्ये फोल ठरवली. घरच्यांची साथ हवीच, पण फिजिओथेरपिस्टची फी वाचवायला नव्हे.